वाळू कुठे जाते हे शिकायला

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ ला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, तेव्हा मी इंग्लंडमध्ये, नॉरिचच्या आमच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसलो होतो. देवबागला फोन लागत नव्हता. कोविडमुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता. चौथ्या दिवशी बाबांचा आवाज ऐकू आला. घर शाबूत होतं. पाच माड गेले होते. समुद्र अडवायला घातलेल्या बंधाऱ्याचे काळे दगड वाळूत खचले होते. हे सगळं सांगून झाल्यावर बाबा थांबले आणि म्हणाले, "बंधारो हय घातलो, मगे पलीकडची वाळू खंय जाता रे?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं सगळं लहानपण त्या वाळूत गेलं होतं.

ज्यांनी देवबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, अरबी समुद्र आणि कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर माड, घरं, एक रस्ता. काही घरांच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जायचे. मी मालवणला बारावी कॉमर्स केलं, मग गोव्यात हॉटेलात, मग गावात येणाऱ्या पर्यटकांच्या बोटीवर काम केलं. २०१४ मध्ये लग्न झालं. बायको नर्स. तिला नॉरिचच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि २०१७ मध्ये मुलीला घेऊन मी तिच्यामागे इथे आलो. वृद्धाश्रमात रात्रपाळी करायला लागलो.

बायकोच्या हॉस्पिटलापासून विद्यापीठ जवळच आहे, मध्ये यार नावाची छोटी नदी. युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लिया. तिथला पर्यावरणशास्त्र विभाग १९६७ मध्ये सुरू झाला, म्हणजे 'पर्यावरण' हा शब्द आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी. १९७२ मध्ये ह्यूबर्ट लॅम्ब या हवामानशास्त्रज्ञाने तिथे हवामान संशोधन केंद्र उभं केलं. त्याच्या नावाची गोल इमारत मी सायकलवरून जाताना रोज पाहायचो. त्या इमारतीत बसून माणसं पृथ्वीचं तापमान मोजतात हे मला बायकोने सांगितलं. तौक्तेनंतर काही महिन्यांनी तीच एकदा म्हणाली, "रोज वाळूबद्दल बोलतोस. ती समोरच शिकवतात. जाऊन विचार तरी."

मी आधी दुसरीकडे विचारलं. एका सल्लागाराने माझं वय बघितलं, बारावीची गुणपत्रिका बघितली आणि बिझनेसचा कोर्स घ्या, कॉमर्सवाल्यांना तोच बरा, असं सांगून दहा मिनिटांत बाहेर काढलं. त्या दिवशी मी घरी कुणाशी बोललो नाही. नंतर कळलं की विज्ञानाशिवाय बारावी झालेल्यांसाठीच इथे एक रस्ता आहे. त्याला फाउंडेशन इयर म्हणतात. पदवी तीन वर्षांऐवजी चार वर्षांची होते आणि पहिलं वर्ष पायाचं असतं. कागदोपत्री त्याला 'वर्ष शून्य' म्हणतात. त्या वर्षी ठरावीक गुण मिळवले तर त्याच विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षात जाता येतं.

इथे राहणाऱ्या मराठी माणसांना उपयोग होईल म्हणून पैशाचं थोडं लिहितो. डिपेंडंट व्हिसावर असताना इथली, म्हणजे 'होम' फी लागत नाही. परदेशी विद्यार्थ्याची फी लागते आणि ती कितीतरी जास्त असते. आम्हाला २०२२ मध्ये कायम राहण्याची परवानगी मिळाली. ती हातात असणं आणि कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं इथे राहिलेलं असणं, या दोन्ही गोष्टी जुळल्यावरच मला सरकारी कर्ज मिळालं. २०२३ ला फी वर्षाला ९,२५० पौंड होती. ती थेट विद्यापीठाला जाते. उत्पन्न वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेलं की वरच्या रकमेचे ९ टक्के कापले जातात, आणि ४० वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं. फाउंडेशन वर्ष पदवीला जोडलेलं असेल तर कर्ज त्यालाही चालतं. हाताशी आधीची पदवी असेल तर मात्र बहुतेक विषयांना हे कर्ज मिळत नाही. माझं बी. कॉम. अर्धवट राहिलं याची मला पंधरा वर्षं खंत होती. इथे तेच उपयोगी पडलं. आणखी एक वाट आहे. स्थानिक कॉलेजांत एक वर्षाचा 'ॲक्सेस' डिप्लोमा असतो. त्याचं कर्ज पुढे पदवी पूर्ण केली तर माफ होतं. पैशाची ओढाताण असेल त्यांनी ते आधी पाहावं.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका इथल्या कोणत्या परीक्षेच्या बरोबरीच्या, याचं प्रमाणपत्र काढावं लागलं. अर्जासोबत आपल्याबद्दल ४,००० अक्षरांत लिहायचं होतं. मी तीन आठवडे खोडत बसलो. शेवटी बाबांचा प्रश्न इंग्रजीत लिहिला आणि त्याचं उत्तर मला येत नाही असं लिहिलं. बाकी सगळं त्याच्या मागेपुढे आलं.

सप्टेंबर २०२३. मी ३५ वर्षांचा, वर्गातली बहुतेक मुलं १८-१९ ची. एक फौजेतून बाहेर पडलेला गृहस्थ होता, दोन मुलांची एक आई होती. आम्ही तिघे पहिल्या दिवसापासून एका बाकावर. मुलांनी आम्हाला कधी वेगळं वागवलं नाही हे मुद्दाम सांगतो. उलट ऑनलाइन कुठे काय टाकायचं हे मला त्यांनीच शिकवलं.

गणिताची मला धास्ती होती. कॉमर्सच्या गणितात टक्केवारी आणि व्याज असतं. इथे आलेख, घातांक, लॉगरिदम, त्रिकोणमिती. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर सरळ रेषेचं समीकरण लिहिलं, वाय = एमएक्स + सी, आणि विचारलं, घरी अशी रेषा कुणी वापरता का? कुणी टॅक्सीचं भाडं सांगितलं, कुणी फोनचं बिल. मी हात वर केला की नाही आठवत नाही, पण बोलून गेलो.

कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. आज चतुर्थी, तर चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. बाबांनी मला हे पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. मी फळ्यावर जाऊन आडव्या अक्षावर तिथी मांडली, उभ्यावर वेळ. रेषेचा चढ, म्हणजे 'एम', ०.७५. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, पुढे सांगा. मग चंद्राच्या ३० तिथींत भरतीची वेळ पूर्ण २४ तास सरकते, हे त्यांनी विचारून विचारून माझ्याकडून काढून घेतलं. म्हणजे खरा चढ २४ भागिले ३०, ०.८ हवा. पाऊणपट आणि खरा हिशेब यांत पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो. आणि 'सी', म्हणजे शेवटी मिळवायचा ठरावीक आकडा? तो प्रत्येक बंदराचा वेगळा. म्हणूनच गावागणिक भरतीची वेळ थोडी मागेपुढे धरावी लागते. बाबा ती धरतातही, फक्त त्याला 'सी' म्हणत नाहीत. त्या रात्री मी त्यांना फोन करून ०.८ चं सांगितलं. ते म्हणाले, पाऊणपटीचा हिशेब तोंडी होता, ०.८ होड्येत बसान कोण करतलो? हेही खरं होतं.

त्या तासानंतर मला गणिताची भीती वाटली नाही असं म्हणता येणार नाही. पण ते आपलं नाही, असं पुन्हा कधी वाटलं नाही.

रसायनशास्त्राने मात्र रडवलं. पहिल्या चाचणीत मला शंभरपैकी ३४. इथे पास ४० ला आणि ७० म्हणजे पहिला वर्ग, त्यामुळे आपल्याकडच्या डोळ्यांनी इथले गुण बघू नयेत. पण ३४ कुठल्याही देशात ३४ च. शुक्रवार-शनिवार माझी रात्रपाळी, रविवारी झोप, आणि सोमवारी मोल, रसायनातलं कण मोजायचं एकक. मोल म्हणजे काय हे मला ख्रिसमसपर्यंत कळत नव्हतं. शेवटी मुलीने सोडवलं. ती सात वर्षांची. डझन म्हणजे बारा, मग मोल म्हणजे किती, असं तिने विचारलं आणि मी उत्तर द्यायला लागलो तेव्हा मला ते समजत गेलं. डझनभर अंडी आणि डझनभर कोंबड्या, संख्या एकच, वजन वेगळं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर अभ्यासाला बसायचो. तिचे पाढे, माझी समीकरणं.

लॉगरिदम कशाला असतो, हे पीएचमुळे कळलं. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, तो उतरला की आम्लता वाढते. औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. बातमीत हे वाचलं असतं तर मी पान उलटलं असतं. एक दशांशाने काय होतं? पण पीएच ही लॉगची मोजपट्टी आहे, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. दहाचा ०.१ वा घात काढला की १.२६ येतो. म्हणजे पाण्यातले हायड्रोजन आयन २६ टक्क्यांनी वाढले. कॅल्क्युलेटरवर तो आकडा मी तीनदा काढून पाहिला. कालवं, तिसरे, मुळे असे शिंपले, ज्यांच्यावर आमच्या खाडीकाठच्या बायकांची कमाई चालते, त्या सगळ्यांची कवचं ज्या चुन्याची असतात तो चुना बांधणं या आम्लतेमुळे अवघड होत जातं. प्रयोगशाळेत शिंपल्याच्या भुकटीवर आम्ल टाकल्यावर बुडबुडे येतात, ते शाळेतही पाहिले होते. तेव्हा त्यांचा कालवांशी काही संबंध आहे असं कुणी म्हणालं नव्हतं.

इंग्रजीतल्या निबंधांबद्दल थोडक्यात. इथे प्रत्येक विधानामागे कुणाचा आधार आहे ते दाखवावं लागतं. 'सर्वांना माहीत आहे की' असं लिहिलं की समासात लाल रेघ. मला ते जाचक वाटायचं, आता वाटत नाही.

वसंतात एका शनिवारी आमच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघं ब्लेकनी पॉइंटला गेलो. नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावर गोट्यांचा एक लांबच लांब दांडा समुद्राला समांतर पसरला आहे, साधारण साडेसहा किलोमीटर. शाळेच्या भूगोलात 'वाळूचा दांडा' हा शब्द वाचला होता, खाली एक आकृती होती, ती पाठ केली होती. दांड्यावर उभं राहिलो तेव्हा एका बाजूला उत्तर समुद्र, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याची दलदल. पुढच्या दारात समुद्र, मागच्या दारात खाडी. मी देवबागमध्येच उभा होतो. बारा-पंधरा वर्षं ज्या आकृतीत राहिलो ती आकृती आपल्या गावाची आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. बरोबरच्या मुलांना मी ते नीट सांगू शकलो नाही. एकाने फक्त विचारलं, तुला थंडी वाजतेय का?

काम साधं होतं. किनाऱ्यावर दहा मीटरचं अंतर आखायचं, पाण्यात एक संत्रं टाकायचं आणि ते दहा मीटर वाहायला किती सेकंद घेतं ते मोजायचं. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते आणि परतताना सरळ उतरते, त्यामुळे वाळूचा कण पायरीपायरीने एका दिशेला सरकत जातो. ब्लेकनीचा दांडा असाच पश्चिमेकडे वाढतो. संत्री का, तर ती अर्धी बुडून तरंगतात, वारा त्यांना फारसा ढकलत नाही, आणि हरवली तरी समुद्रात कचरा होत नाही. आम्ही वीसदा मोजलं. वीस आकड्यांची सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले ते), आणि मग त्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा याचा हिशेब. 'वाळू सरकते' हे बाबांनाही माहीत होतं. किती, कुठे आणि किती खात्रीने, हे सांगायला मी शिकत होतो.

उत्तर मिळालं ते मे महिन्यात, एका रविवारी, बायको आणि मुलगी बरोबर असताना. गावाचं नाव लिहितात हॅपिसबर्ग, म्हणतात हेझ्बरा. तिथले कडे दगडाचे नाहीत. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या माती-वाळूचे आहेत, हाताने उकरता येतील इतके मऊ. १९५३ च्या जानेवारी अखेरीला उत्तर समुद्राला आलेल्या पुराने इंग्लंडमध्ये ३०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर इथे लाकडी अडथळे बांधले गेले. ते मोडत गेले आणि १९९० च्या दशकापासून समुद्राने गावाचा रस्ता आणि त्यावरची घरं एकेक करून नेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये लाटांनी वाळू हटवल्यावर मातीत माणसांच्या पायांचे ठसे सापडले होते, साधारण आठ लाख वर्षांहून जुने, आफ्रिकेबाहेरचे ज्ञात असलेले सर्वांत जुने. ते टिपून होतात न होतात तोच दोनेक आठवड्यांत समुद्राने तेही नेले. मुलगी त्या वाळूत अनवाणी पळत होती.

कड्यावर संपणाऱ्या रस्त्याच्या टोकाला उभं राहून मी बायकोला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता बाबांना द्यायचं उत्तर तयार झालं. कडा ढासळतो तेव्हा त्याची वाळू वाया जात नाही. ती किनाऱ्याने पुढे सरकते आणि पुढच्या गावांची पुळण होते. इथे कडा पक्का बांधला तर हे गाव वाचेल आणि पुढच्याची वाळू थांबेल. शिवाय कठीण बांधावर आपटलेली लाट जोराने परतते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. बांध जिथे संपतो तिथे पलीकडच्या किनाऱ्यावर झीज सगळ्यात जास्त होते. देवबागला त्यात आणखी एक भर आहे: नदी वाळू आणते ती खाडीतून उपसली तर किनाऱ्याला मिळणारा पुरवठाच कमी होतो.

तिथूनच फोन लावला. वाऱ्यामुळे दोनदा सांगावं लागलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे शेजाऱ्याचा ताट आपल्याकडे वढल्यासारख्या झाला."

याच्यावर माझं मत सरळ नाही. पुस्तकं सांगतात की प्रत्येक किनारा वाचवता येणार नाही, काही ठिकाणी मागे सरकणंच शहाणपणाचं. इंग्लंडमध्ये समुद्राने घर नेलं तर भरपाई मिळत नाही. घर पाडण्याच्या खर्चापोटी ६,००० पौंडांपर्यंत मदत मिळते. शेजारच्याच बॅक्टनला मात्र २०१९ मध्ये गॅसचं मोठं केंद्र आणि दोन गावं वाचवायला १८ लाख घनमीटर वाळू आणून ओतली. दगड न रचता वाळूच वाढवायची ही कल्पना डच लोकांची, आणि मला ती आवडते. पण गॅसचं केंद्र नसतं तर तेवढे पैसे निघाले असते का, हा प्रश्न वर्गात मी विचारला आणि आजही विचारतो. देवबागच्या बंधाऱ्यामागे माझं घर आहे. बंधारा नको, असं नॉरिचमध्ये बसून म्हणण्याचा अधिकार मला आहे असं मी मानत नाही. तो कुठे संपतो आणि त्यापुढे कोण राहतं, हे मोजल्याशिवाय दगड टाकू नयेत एवढं मात्र मी कुठेही उभं राहून म्हणेन.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात ७४, रसायनात ५८, प्रकल्पाला ७१. पदवीच्या पहिल्या वर्षात जागा पक्की झाली. बायकोने शिरा केला.

डिसेंबर २०२४ मध्ये सात वर्षांनी तिघेही देवबागला गेलो. जाताना मी एक पद्धत शिकून गेलो होतो. के. ओ. एमरी या समुद्रशास्त्रज्ञाने ती १९६१ मध्ये मांडली. तिला दोन काठ्या, एक दोरी आणि क्षितिज एवढंच लागतं. दोन सारख्या उंचीच्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. त्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या, समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं, आणि ती रेषा आपल्या हातातल्या काठीला कुठे लागते ते वाचायचं. वरून जितकं खाली, तितका किनारा उतरला. मग समुद्राकडची काठी जागेवर ठेवायची आणि मागची पुढे न्यायची.

सुपारीच्या दोन काठ्या बाबांनीच तासल्या. खुणा मुलीने केल्या. पहिल्या दिवशी मी वाचत होतो आणि बाबा पुढे काठी धरून होते. तिसऱ्या काठीला ते मागे आले, मला पुढे पाठवलं आणि स्वतः डोळा लावला. साठ वर्षं ज्याच्याकडे बघत मासे शोधले ते क्षितिज बघायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ओहोटी कधी पुरी उतरेल ते त्यांनी तिथीवरून सांगितलं. घराच्या पायरीवरच्या खुणेपासून पाण्यापर्यंत २७ काठ्या भरल्या, प्रत्येकी दोन मीटर.

पावसाळ्यात वाळू समुद्रात जाते आणि हिवाळ्यात परत येते, हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. जेवढी जाते तेवढी येते का, हे दरमहा मोजल्याशिवाय कळणार नाही, असं मी निघताना म्हणालो. बाबांनी माझी वही ठेवून घेतली.

तेव्हापासून दर अमावास्येच्या आसपास त्या वहीच्या पानाचा फोटो येतो. जुलै २०२५ चा आला तेव्हा मी परीक्षा संपवून वृद्धाश्रमाच्या पाळीवर होतो. तिथी, वेळ, मग आकडे एकाखाली एक, पेन्सिलीने. तेराव्या काठीसमोर लिहिलं होतं, पाणी. आणि पानाच्या तळाला:

"वाळू हय नाय. बंधाऱ्याच्या पलीकडेय नाय. पावस थांबलो की खाडीच्या तोंडाकडे मोजून सांगतंय."